बालवाचक आणि कथेतील माणसे : वऱ्हाडातील भाषाध्यापनाच्या संदर्भात काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांपासून थेट पदव्युत्तर परीक्षेपर्यंत मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे. ‘अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा’ हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तरही आता ठरून गेल्यासारखे आहे. श्यामची आई प्रेमळ, शिस्तप्रिय, स्वाभिमानी व कष्टाळू होती, असे लिहिले की गुण पदरात पडतात. यांपैकी एकही विशेषण खोटे नाही. अडचण एवढीच की, ही विशेषणे लिहिण्यासाठी पुस्तक वाचावेच लागते असे नाही; आणि ज्याने ते वाचले आहे त्यालाही आपण काय वाचले हे त्या विशेषणांतून सांगता येत नाही.

विशेषण हे निर्णयाचे शेवटचे वाक्य असते. त्यामागील साक्षीपुरावा न तपासता मुलाच्या हाती केवळ निकाल दिला, तर ते मूल पात्राला ओळखत नाही; त्याला चिकटवलेली चिठ्ठी तेवढी ओळखते. हीच सवय पुढे माणसांच्या बाबतीत लागते. शेजारचा मुलगा ‘आळशी’, गावाबाहेरून आलेला ‘लबाड’, गप्प बसणारा ‘शिष्ट’, अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून बालवाचकाला पात्र समजावून देण्याचा प्रश्न हा केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न नव्हे. मूल दुसऱ्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहावयास शिकते, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील परिस्थिती नजरेसमोर ठेवून केला आहे. पात्र समजणे म्हणजे त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, काय हवे आहे आणि कशाचे भय आहे याचा अदमास घेऊन त्याच्या कृतीची संगती लावणे होय, ही भूमिका आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल.

२. परमनाची जाण

दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हे मुलाला जन्मतः कळत नाही. विमर व पेर्नर या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात सर्वश्रुत आहे. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या पश्चात आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो ते कोठे शोधील, एवढाच प्रश्न मुलांना विचारावयाचा. तीन वर्षांची मुले बहुधा ते जेथे खरोखर आहे त्या कपाटाकडे बोट दाखवितात. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट त्या मुलाला ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना हा भेद कळू लागतो. याच संशोधकांनी १९८५ मध्ये पुढची पायरी तपासली. ‘अ’ला काय वाटते याविषयी ‘ब’ला काय वाटते, असा दुहेरी विचार साधारणपणे सहा-सात वर्षांनंतर जमू लागतो, असे त्यातून दिसून आले.

आता साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण पाहावे. १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिले गेलेले हे पुस्तक मराठी मुलाच्या वाचनात आजही येते. प्रसंग अगदी लहान आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील ती भाजी काही न बोलता खातात. मागाहून आई जेवावयास बसते तेव्हा पहिल्याच घासाला तिला चूक कळते, आणि कोणी सांगितले कसे नाही याची तिला खंत वाटते.

या प्रसंगात घडते ते फार थोडे. न घडलेले मात्र फार मोठे आहे. वडिलांनी मीठ मागितले नाही. ही न झालेली कृती समजण्यासाठी वाचकाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. भाजी अळणी आहे हे आईला ठाऊक नाही, ही पहिली पायरी. तिला ठाऊक नाही हे वडिलांना ठाऊक आहे, ही दुसरी. आपण मीठ मागितले तर राबून स्वयंपाक करणारीला वाईट वाटेल असे वडिलांच्या मनात आले, ही तिसरी. सात-आठ वर्षांचे मूल या पायऱ्या चढू शकते; पण बरोबर कोणी हात धरणारा असेल तरच. ‘वडील समंजस होते’ असे फळ्यावर लिहून दिले, तर त्या पायऱ्या चढण्याचे कारणच उरत नाही.

३. अनुभावावरून भावाकडे

ही विचारपद्धती पाश्चात्त्य मानसशास्त्राकडूनच उसनी घ्यावी लागते असे समजण्याचे कारण नाही. आपल्या साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती वेगळ्या परिभाषेत परिचयाची आहे. भरताने विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती सांगितली. यांतील विभाव म्हणजे भाव जागा करणारी परिस्थिती आणि अनुभाव म्हणजे तो भाव बाहेर प्रकट करणारी चिन्हे. मनातला भाव प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो थरथरणारा हात, खाली गेलेली नजर, अडखळलेला शब्द. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे त्याप्रमाणे प्रेक्षक या चिन्हांवरून भावाचे अनुमान करतो, असे शंकुकाचे मत होते. अभिनवगुप्ताने त्याचे खंडन केले आणि रसास्वाद हा केवळ अनुमानाचा व्यापार नाही हे दाखवून दिले, हे खरे. तथापि बालवाचकाच्या पहिल्या पावलांपुरता शंकुकाचा मार्ग उपयोगी आहे. आस्वादाच्या आधी आकलन यावे लागते. आणि आकलनासाठी ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ या प्रश्नाइतके दुसरे चांगले साधन नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो, तेव्हा मुले हसतात आणि त्याचे अनुकरण करतात. तो आवाज त्याच्या तोंडून केव्हा निघतो, त्या क्षणी त्याला काय सुचलेले असते, एवढे जर मुलांनी पाने चाळून शोधले, तर त्यांनी नकळत अनुभावाचा अभ्यास केलेला असतो. ‘अनुभाव’ हा शब्द त्यांना सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही.

४. वऱ्हाडातील जुना वारसा

मराठी गद्यातील माणसांचे चित्रण ज्या भूमीत आकारास आले, त्या भूमीत हा प्रश्न आपण विचारीत आहोत, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या या गावी आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी अनेकांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. या ग्रंथाचा एक विशेष आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात व्यक्तींच्या मनाचे लांबलचक वर्णन नाही. कोण आले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, कोण गप्प राहिले, एवढेच बहुधा सांगितलेले असते. माणूस ओळखावयाचा तो वाचकाने. लीळा वाचणारा सातशे वर्षांपूर्वीचा श्रोता विशेषणांवाचून माणसे ओळखत होता.

केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्तीचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. आंधळ्यांपैकी ज्याच्या हाताला पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाताला कान लागला त्याला सुपासारखा. वर्गातील पात्रचर्चेला यापेक्षा समर्पक रूपक सापडणे कठीण. श्यामला पोहावयास पाठविण्यासाठी आई त्याला मारते, तो प्रसंग ज्या मुलाच्या मनात ठसला त्याला ती कठोर वाटते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ ज्याने टिपली त्याला ती मानी वाटते. त्याच्या अंगावरचे वळ पाहून ती कशी गलबलते हे ज्याने लक्षात ठेवले त्याला ती हळवी वाटते. तिघांचेही म्हणणे खरे आणि तिघांचेही अपुरे. शिक्षकाचे काम यांतील एकाला बरोबर ठरविण्याचे नाही. तिघांचे हात एकाच हत्तीवर आहेत हे त्यांच्या ध्यानात आणून देण्याचे आहे. दृष्टांतपाठाच्या रचनेत सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असा क्रम असतो. वर्गात मात्र सूत्र शेवटी यावे, एवढाच बदल आपल्याला करावा लागेल.

आधुनिक काळाकडे वळल्यास हरिभाऊ आपट्यांचे नाव घ्यावे लागते. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू आपल्या बालपणापासूनची हकीकत स्वतः सांगते. मुलीच्या आतून जग कसे दिसते हे मराठी वाचकाला या कादंबरीने जितक्या विस्ताराने दाखविले, तितके तिच्यापूर्वी क्वचितच कोणी दाखविले असेल. शीर्षकातील प्रश्नही आपल्या विषयाचाच आहे. दुसऱ्याच्या मनातले लक्षात कोण घेतो?

याखेरीज एक परंपरा ग्रंथांबाहेरची आहे. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांनी पुढे सरकत असे. ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निर्माण करीत. निष्कर्ष श्रोत्याच्या तोंडून वदविण्याची ही रीत प्रत्येक भाषाशिक्षकाने अभ्यासण्यासारखी आहे.

५. बोलीचा आणि परिसराचा प्रश्न

वऱ्हाडातील मुलाच्या हाती पडणारी पुस्तके बहुतांशी प्रमाण मराठीत असतात, आणि त्यांतील पुष्कळशा कथांचा परिसर कोकणचा अथवा पुण्या-मुंबईचा असतो. काळ्या कसदार जमिनीत पऱ्हाटी व ज्वारी पाहत वाढलेल्या मुलाला पालगडचे घर व तेथील रीतिरिवाज अपरिचित असणे स्वाभाविक आहे. परंतु परिसराचे अंतर हा फारसा मोठा अडसर नाही. चार वाक्यांत ते भरून काढता येते. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या दर्यापूर-अकोटकडील मुलाला खारे आणि अळणी यांतील भेद तर पाण्याच्या घोटापासूनच ठाऊक असतो.

अधिक सूक्ष्म अडचण भाषेची आहे. मराठीत नात्याचा स्वभाव सर्वनामांतून आणि क्रियापदांतून व्यक्त होतो. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अगं’, ‘अहो’ यांवरून कोण कोणापुढे किती मोकळे आहे हे कळते. ग्रामीण वऱ्हाडी बोलण्यात वडीलधाऱ्यांनाही पुष्कळदा एकवचनी हाक मारली जाते आणि तिच्यात अनादर नसतो. उलट जिव्हाळा असतो. पुस्तकातील मुलगा वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, तेव्हा त्यात आदर किती, धाक किती व केवळ रूढी किती, हे वऱ्हाडी मुलाला वेगळे समजावून द्यावे लागते. येथे बोली हा अडथळा ठरत नाही. दोन रीतींची तुलना करता येते हा त्या मुलाचा लाभच होय.

म्हणून पुस्तक प्रमाण मराठीत असले तरी पात्राविषयीची पहिली चर्चा बोलीत होऊ द्यावी. ‘त्यानं असं काऊन केलं?’ असा प्रश्न आला तर उत्तरही मोकळेपणाने येते. ‘तिले वाईट वाटू नये म्हून तो बोललाच नाही,’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर तिने तिन्ही पायऱ्या एका वाक्यात ओलांडल्या आहेत. अशा वेळी ‘तिले’ऐवजी ‘तिला’ म्हण, अशी दुरुस्ती करणारा शिक्षक व्याकरण राखतो आणि विचार गमावतो. दुरुस्तीची वेळ लेखनाच्या तासाला येईलच. बोलीला गंभीर आशय पेलतो याविषयी ज्यांना शंका असेल, त्यांनी परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचे ‘पूर्णामायची लेकरं’ आणि उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी पाहावी. ‘धग’मधील कौतिक जे बोलते त्याहून अधिक जे गिळते, ते वऱ्हाडी संवादांमुळेच वाचकापर्यंत पोहोचते.

मेळघाटातील कोरकू मुलांची स्थिती निराळी आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीची ती बोली नव्हे. धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाला कथेतील घटना कळतात, पण मनोवस्थांचे मराठी शब्द परके असतात. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, कानकोंडे होणे या क्रियांतील छटा शब्दकोशाने समजत नाहीत. रुसणाऱ्याला कोणीतरी समजूत काढावी असे वाटत असते. ओशाळलेल्याला कोणी पाहू नये असे वाटते. असा भेद प्रसंगातून, शक्य तर मुलाच्या भाषेतील जवळच्या शब्दाशी ताडून, दाखवावा लागतो. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांत काम करताना मुलाच्या परिसरातूनच शिक्षणाची सामग्री घेण्याचा आग्रह धरला. तो येथेही मार्गदर्शक आहे.

६. वर्गात करता येण्याजोगे

वरील विवेचनातून काही व्यवहार्य सूचना निघतात.

पहिली सूचना अशी की, गोष्ट योग्य जागी थांबवावी. वडिलांनी पहिला घास घेतला आणि ते गप्प राहिले, येथे वाचन थांबवून ‘आता कोणाला काय ठाऊक आहे?’ असे विचारावे. फळ्यावर दोन रकाने पुरेत : ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले. कथानकातील पुष्कळसा ताण या दोन रकान्यांच्या फरकातूनच निर्माण होतो, हे मुलांना आपोआप उमजते.

दुसरी सूचना : आधी क्रियापदे, मग विशेषणे. पात्राने काय केले, काय म्हटले आणि काय करण्याचे टाळले याची यादी मुलांनी करावी. विशेषण सुचविणाऱ्याने त्या यादीतील किमान दोन आधार दाखवावेत, आणि त्या विशेषणाविरुद्ध जाणारी एखादी कृती असल्यास तीही सांगावी.

तिसरी सूचना एका रूढ प्रश्नासंबंधी आहे. ‘तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?’ हा प्रश्न आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्याचे उत्तर मुलाविषयी सांगते, पात्राविषयी नव्हे. ‘मी असतो तर मीठ मागितले असते,’ हे उत्तर प्रामाणिक आहे. पण त्याने वडील कळत नाहीत. म्हणून त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यावयास हवा : ‘मग त्यांनी का मागितले नाही?’ आपल्यातील आणि पात्रातील हे अंतर जेथे जाणवते, तेथे पात्राचे आकलन सुरू होते.

चौथी सूचना : दोषी ठरलेल्या अथवा दुय्यम पात्राच्या तोंडून गोष्ट सांगवावी. चिमणी-कावळ्याची कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात दाराबाहेर उभा आहे आणि मेणाच्या घरातली चिमणी बाळाच्या कामांची सबब सांगून दार उघडण्यास उशीर लावते आहे. कावळा लबाड व चिमणी शहाणी, ही वाटणी आपण मान्य करून टाकलेली असते. तीच गोष्ट कावळ्याला सांगू दिली की मुले विचारात पडतात. चिमणीला खरोखरच काम होते की तिला भीती वाटत होती? भीती असेल तर ती कशाची? ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये पात्रांचे सपाट व भरीव असे दोन प्रकार सांगितले. लोककथेतील पात्रे सपाट असतात हे खरे. परंतु सपाट पात्राभोवती फिरून पाहण्याची सवय लागलेले मूल पुढे भरीव पात्रापुढे गोंधळत नाही.

७. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पात्र म्हणजे खरा माणूस नव्हे, ते शब्दांनी घडविलेले असते. त्याचे मानसशास्त्र शोधणे म्हणजे साहित्याचा विपर्यास होय, हा पहिला आक्षेप. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅकबेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घालून या वृत्तीची थट्टा केली होती. आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय एकच : प्रत्येक अनुमानाचा आधार संहितेत दाखविता आला पाहिजे. जेथे संहिता मौन पाळते तेथे ‘लेखकाने हे सांगितलेले नाही’ हेच योग्य उत्तर होय, आणि तेही मुलांना शिकविले पाहिजे.

परीक्षेची पद्धती बदलल्याशिवाय हे सर्व व्यर्थ आहे, हा दुसरा आक्षेप. तो बराचसा खरा आहे. परंतु बदल लहानच हवा. ‘वडिलांचे स्वभावचित्रण करा’ याऐवजी ‘वडिलांनी मीठ मागितले नाही, याची दोन संभाव्य कारणे सांगा आणि प्रत्येकाला पाठातील आधार द्या’ असा प्रश्न विचारता येईल. त्याचे पाठ केलेले उत्तर लिहिणे कठीण, आणि तपासणे मात्र फारसे कठीण नाही.

८. समारोप

शेवटी या विषयाचे आपल्या प्रदेशापुरते गांभीर्य सांगणे अवश्य आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र शासनाला विशेष साहाय्य योजना जाहीर करावी लागली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. कर्ज आणि नापिकी यांनी ग्रासलेल्या घरांतून वाढणाऱ्या मुलाला बोलणाऱ्या माणसांपेक्षा गप्प बसणारी माणसे अधिक दिसतात. गोष्टीचे पुस्तक त्या घराचे दुःख दूर करू शकत नाही, आणि तसा दावा करणे अनुचित ठरेल. शिक्षकाने वर्गात मुलाला स्वतःच्या घराविषयी बोलते करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. कथेचा मोठा उपकार हाच की, ती दुसऱ्याच्या घराविषयी असते. अळणी भाजी खाऊन गप्प राहिलेल्या माणसाच्या मौनात काही अर्थ असतो, हे ज्या मुलाला एकदा पुस्तकात उमगले, त्याला इतर मौनांकडेही थांबून पाहावेसे वाटेल, एवढी आशा बाळगणे गैर नव्हे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. दर्यापूर, मोर्शी, अकोट, पातूर अशा निरनिराळ्या तालुक्यांतील चौथीच्या मुलांनी एकच गोष्ट आपल्या बोलीत कशी सांगितली याचे ध्वनिमुद्रण करून, त्यात मनोवस्थादर्शक क्रियापदे किती व कोणती येतात हे तपासता येईल. मराठी व कोरकू भाषांतील भावनावाचक शब्दांची तुलना हाही एक स्वतंत्र विषय आहे. ‘लीळाचरित्रा’त पात्रांचे मौन कोठे व कसे नोंदविले आहे, याचा शोध घेतल्यास प्राचीन गद्याच्या अभ्यासालाही त्याचा उपयोग होईल. अशा अभ्यासांतून जे हाती येईल ते शाळेपर्यंत पोहोचविले, तर विद्यापीठीय संशोधन आणि गावातील वर्ग यांमधील अंतर थोडेतरी कमी होईल.